कर्जत-खालापूरचे ठाकर आणि कातकरी : बोली, देवधर्म आणि ओळखीचा प्रश्न

मुंबईहून पुण्याकडे निघालेली आगगाडी कर्जत सोडून बोरघाट चढू लागली, की जांबरुंग, ठाकूरवाडी आणि नागनाथ ही घाटातील ठिकाणे एकापाठोपाठ एक मागे पडतात. ठाकूरवाडीवरून रोज हजारो प्रवासी जातात. परंतु या नावात ज्या समाजाचा निर्देश आहे, त्या ठाकर आदिवासींविषयी आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या कातकऱ्यांविषयी बहुतेकांना फारशी माहिती नसते. शनिवार-रविवारी माथेरान, पेठचा किल्ला किंवा भीमाशंकरच्या पायथ्याशी जाणाऱ्या पर्यटकांना हे लोक भेटतात ते रस्त्याच्या कडेला करवंदे, जांभळे आणि रानभाज्या विकणारे म्हणून.

रायगड जिल्ह्याच्या घाटालगतच्या पट्ट्यात, विशेषतः कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, ठाकर आणि कातकरी हे दोन प्रमुख आदिवासी समाज आहेत. दोघांच्या वाड्या वेगळ्या, बोली वेगळ्या आणि सोयरीकही आपापल्या समाजातच. मात्र एक प्रश्न दोघांपुढे सारखाच उभा आहे. आदिवासी म्हणून असलेली त्यांची ओळख कशावर टिकते आणि ती ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा तो प्रश्न होय. या लेखात दोन्ही समाजांची बोली, श्रद्धा, उपजीविका आणि कायद्यातील स्थान यांचा आढावा घेतला आहे.

प्रदेश आणि लोकसंख्या

कर्जत तालुका उल्हास नदीच्या खोऱ्यात, तर खालापूर तालुका पाताळगंगेच्या खोऱ्यात वसला आहे. पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग आणि पश्चिमेस माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड यांचे डोंगर आहेत. डोंगरउतारावर आणि पायथ्याशी आदिवासींच्या वाड्या, तर सखल भागात आगरी, कुणबी, मराठा आदी समाजांची गावे अशी येथील वस्तीची सर्वसाधारण रचना आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार रायगड जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे ३ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ११ टक्क्यांहून अधिक होती. असे असूनही राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली महाराष्ट्रात जे अनुसूचित क्षेत्र घोषित झाले आहे, त्यात रायगड जिल्ह्याचा समावेश नाही. ठाणे, पालघर, नाशिक आणि पुणे जिल्ह्यांचे काही भाग त्यात आहेत. परिणामी आदिवासी ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा डोंगराच्या पलीकडे लागू आहे, अलीकडे नाही. पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयामार्फत शासनाच्या योजना राबवल्या जातात. मात्र योजनांचा लाभ मिळणे आणि गावाच्या जमिनीवर व जंगलावर निर्णयाचा अधिकार असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ठाकर : डोंगरउतारावरचे शेतकरी

ठाकर समाजात 'का ठाकूर' आणि 'मा ठाकूर' असे दोन मुख्य विभाग आहेत. दोहोंत परंपरेने बेटीव्यवहार होत नसे. पावसाळ्यात भात, नाचणी आणि वरी पिकवणे, उरलेल्या काळात जळण, गवत, मध व रानातील फळे गोळा करणे आणि गरजेनुसार मजुरीस जाणे, ही त्यांच्या उपजीविकेची जुनी घडी होय. रोपासाठी निवडलेल्या जमिनीवर पालापाचोळा, गोवऱ्या आणि वाळलेल्या फांद्या पसरून ती भाजायची, म्हणजे 'राब' करायचा, ही पद्धत या भागात आजही दिसते. रायगडातील काही आदिवासी कुटुंबांना वनखात्याच्या डोंगरउतारावरील जमिनी कसण्यासाठी मिळाल्या होत्या. त्यांना 'दळी' जमिनी म्हणतात. अनेक ठिकाणी या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसल्या गेल्या, पण कसणाऱ्याचे नाव मालक म्हणून कागदावर आले नाही.

ठाकरांचा सविस्तर अभ्यास ल. ना. चापेकर यांनी केला. 'ठाकूर्स ऑफ द सह्याद्री' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. शेती, घरबांधणी, विवाह, देवदेवता, गाणी आणि कुळे यांची त्यातील नोंद आजही अभ्यासकांना आधारभूत वाटते. सर्वसामान्य मराठी माणसाला मात्र ठाकर परिचित झाले ते गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत' या कादंबरीमुळे आणि तिच्यावर डॉ. जब्बार पटेल यांनी काढलेल्या १९७७ च्या चित्रपटामुळे. त्यातील लिंगोबाचा डोंगर म्हणजे खालापूरच्या शेजारी पनवेल तालुक्यात असलेला कर्नाळ्याचा सुळका होय.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथे चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपणारा समाजही 'ठाकर' याच नावाने ओळखला जातो. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पिंगुळीच्या ठाकरांचे जीवन कलेभोवती, तर कर्जत-खालापूरच्या ठाकरांचे शेती आणि जंगलाभोवती गुंफलेले राहिले. एकच नाव धारण करणाऱ्या समाजांचे जीवन किती निरनिराळे असू शकते, हे यावरून लक्षात येते. पुढे पाहावयाच्या कायदेशीर वादाच्या मुळाशीही नावाचाच प्रश्न आहे.

कातकरी : काताच्या भट्टीपासून वीटभट्टीपर्यंत

कातकरी किंवा काथोडी हे नाव कातावरून पडले. खैराच्या झाडाच्या गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळून, तो अर्क आटवून कात तयार केला जातो. हेच या समाजाचे परंपरागत काम होते. याखेरीज शिकार, मासेमारी, मध व कंदमुळे गोळा करणे हा त्यांच्या जगण्याचा भाग होता. सोन कातकरी आणि ढोर कातकरी या त्यांच्यातील दोन प्रमुख पोटशाखा असून त्यांचा उल्लेख अनुसूचित जमातींच्या यादीतही आहे.

ब्रिटिश राजवटीत १८७८ चा वन कायदा आला आणि राखीव जंगलांत झाडतोडीवर निर्बंध आले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की त्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलाचे दार बंद होत गेले तसा कातकरी कोळशाच्या भट्ट्यांवर ठेकेदारांचा मजूर झाला. पुढे कोळशाची मागणी घटली आणि वाढत्या शहरांना विटा लागू लागल्या, तेव्हा तो वीटभट्टीवर गेला.

वीटभट्टीचे गणित आजही बहुतांशी पूर्वीसारखेच आहे. पावसाळ्यात काम नसते, घरात धान्य नसते. अशा वेळी भट्टीमालक किंवा त्याचा मुकादम 'उचल' देतो. सुगी आटोपली की ती फेडण्यासाठी नवरा-बायको मुलाबाळांसह भट्टीवर जातात आणि उन्हाळा संपेपर्यंत तेथेच झोपडी घालून राहतात. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो. आठवड्याची खर्ची आणि उचल वजा जाता हाती थोडेच उरते. काही वेळा उलट देणेच शिल्लक राहते आणि ते पुढच्या हंगामावर चढते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ मध्ये झाला असला, तरी उचलीचे हे चक्र अनेक कुटुंबांच्या पाठीमागून सुटलेले नाही. कातकऱ्यांच्या स्थलांतराचा आणि विस्थापनाचा वेध मिलिंद बोकील यांनी 'कातकरी : विकास की विस्थापन?' या पुस्तकात घेतला आहे.

केंद्र सरकारने १९७५ मध्ये ज्या जमातींना 'आदिम जमाती' म्हणून मान्यता दिली, त्यांत महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती आहेत. २००६ पासून या गटाला 'विशेष असुरक्षित आदिवासी गट' असे म्हटले जाते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील कातकऱ्यांची संख्या २ लाख ८५ हजारांच्या घरात होती. ठाकरांचा समावेश या विशेष गटात नाही. त्यामुळे एकाच डोंगराखाली राहणाऱ्या दोन वाड्यांना मिळणाऱ्या योजना निरनिराळ्या असतात.

बोली : घरातली एक, शाळेतली दुसरी

ठाकरी आणि कातकरी या दोन्ही बोली आर्यभाषा कुळातील असून मराठी-कोकणीच्या परिवारात मोडतात. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर कोकणातील बोलींमध्ये या दोहोंची दखल घेतलेली आहे. आंतरराष्ट्रीय भाषासूचीत कातकरीला स्वतंत्र भाषा म्हणून 'केएफयू' हा संकेत आहे. ठाकरी ही मराठी जाणणाऱ्याच्या कानाला लवकर ओळखीची होते, तर कातकरी समजून घ्यायला अधिक वेळ लागतो. शंभराहून अधिक वर्षांनंतर डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण झाले. त्याच्या महाराष्ट्र खंडाचे संपादन अरुण जाखडे यांनी केले असून राज्यातील आदिवासी बोलींची त्या त्या बोलीच्या जाणकारांकडून नोंद करून घेण्याचा प्रयत्न त्यात झाला आहे.

या दोन्ही बोलींना स्वतःची लिपी नाही. लिहायची वेळ आल्यास देवनागरीच वापरली जाते. बोलीतील ज्ञान मौखिक आहे आणि ते प्रामुख्याने जंगलाशी निगडित आहे. पहिल्या पावसानंतर उगवणारी शेवळे, टाकळा, भारंगी, करटोली, कुड्याची फुले यांपैकी काय केव्हा खुडायचे, शेवळांची खाज घालवण्यासाठी ती कशाबरोबर शिजवायची, कोणत्या ओढ्यात कोणत्या दिवसांत मासे आणि मुठे मिळतात, ही माहिती शब्दांतूनच पुढच्या पिढीकडे जाते. वनस्पतीचे नाव विसरले गेले, की तिचा उपयोगही विसरला जातो.

वाडीवरचे मूल अंगणवाडीत किंवा पहिलीत येते, तेव्हा त्याला पहिल्याच दिवशी प्रमाण मराठीला सामोरे जावे लागते. शिक्षकाचे बोलणे मुलाला आणि मुलाचे बोलणे शिक्षकाला नीट कळत नाही. त्यात मुलाची बोली 'अशुद्ध' ठरवली गेली, तर ते गप्प बसू लागते. कातकरी मुलांच्या बाबतीत भर पडते ती स्थलांतराची. शाळेचे दुसरे सत्र सुरू असतानाच कुटुंब भट्टीवर गेलेले असते. आश्रमशाळांमुळे अनेक मुले शिकली आणि नोकरीला लागली, हे खरे. मात्र वसतिगृहात वर्षाचे बरेच महिने काढणाऱ्या मुलांचा बोलीशी आणि रानाशी असलेला संबंध सैल होत जातो, हेही तितकेच खरे आहे. बाजारात, बसगाडीत आणि सरकारी कार्यालयात आपली बोली न बोलण्याकडे तरुणांचा कल दिसतो. बोलीवरून जात ओळखली जाते आणि जातीवरून वागणूक ठरते, हा अनुभव त्यामागे आहे.

देवधर्म : डोंगर, धान्य आणि वाघ

जनगणनेत या दोन्ही समाजांतील बहुसंख्य लोकांची नोंद हिंदू अशी होते. गणपती, गौरी, दिवाळी, शिमगा हे सण वाड्यांवरही साजरे होतात. तथापि त्यांचा देवधर्म मुख्यतः निसर्गाशी बांधलेला आहे. वाघदेव, हिरवा, चेडा, म्हसोबा, वेताळ, गावदेवी या त्यांच्या देवता आहेत. धान्याची देवता कणसरी ही सह्याद्रीतील अनेक आदिवासी समाजांना सामाईक आहे. देवस्थान बहुधा झाडाखाली किंवा शिवेवर असते. शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडावर कोरलेला वाघ हेच तेथील दैवत असते. दिवाळीच्या आरंभी येणारी वाघबारस हा गुरे आणि रान यांच्याशी जोडलेला सण सह्याद्रीतील आदिवासी पाळतात. पेरणीपूर्वी, नवे धान्य घरात आल्यावर आणि रानभाजीचा पहिला वाफा खुडताना देवाला वाटा दिला जातो. कातकऱ्यांत शिमग्याला विशेष महत्त्व असून रामाच्या वानरसेनेशी आपले नाते सांगणारी कथाही त्यांच्यात प्रचलित आहे.

भगत हा या व्यवस्थेतील महत्त्वाचा माणूस होय. आजाराचे कारण शोधणे, देवाचा कौल घेणे आणि झाडपाल्याचे औषध देणे ही कामे तो करतो. कातकरी भगताच्या सामर्थ्याविषयी आसपासच्या गावांतही दबदबा असे. ज्या समाजाला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याच समाजातील भगताकडे गावकरी अडीअडचणीला जात, हा विरोधाभास जुन्या नोंदींतही आढळतो. सर्पदंश, कावीळ किंवा बाळंतपणातील गुंतागुंत अशा वेळी भगतावर विसंबून राहिल्याने जीव गेल्याच्या घटना घडतात. मात्र दवाखाना दूर, रस्ता नाही आणि गाडीला पैसे नाहीत, अशा वाडीत भगत हाच जवळचा असतो, हे विसरून चालणार नाही.

गेल्या काही दशकांत वारकरी संप्रदायाचा प्रभाव अनेक आदिवासी वाड्यांवर पडला. माळ घातलेल्या कुटुंबांनी मद्य व मांसाहार सोडला आणि भजनाचे फड उभे राहिले. जुन्या देवांची पूजा काही ठिकाणी मागे पडली, तर काही ठिकाणी दोन्ही परंपरा एकाच घरात नांदतात. श्रद्धा बदलली म्हणून माणूस आदिवासी राहत नाही काय, हा प्रश्न पुढे थेट न्यायालयापर्यंत गेला.

लढ्यातील वाटा

वसाहतकाळातील गॅझेटिअरांनी कातकऱ्यांवर चोरीचा ठपका ठेवला आणि तो शिक्का पुढे दीर्घकाळ टिकला. याच समाजातील नाग्या महादू कातकरी यांचे नाव मात्र स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात आहे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील उरण तालुक्यात चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यातील हुतात्म्यांत त्यांचा समावेश होतो. सत्याग्रहाचा विषयही जंगलावरील हक्क हाच होता.

कर्जत परिसरात माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी सावकारी पाशात सापडलेल्या शेतकऱ्यांसाठी व आदिवासींसाठी धान्यकोठ्या उभारल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. धान्यकोठीची कल्पना पुढे कर्जत तालुक्यातील कशेळे येथील अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेच्या कामातही आली. पावसाळ्यात उचल घ्यावी लागू नये, यासाठी वाडीनेच धान्य साठवून गरजूंना द्यायचे आणि सुगीनंतर परत घ्यायचे, हे त्यामागील साधे सूत्र आहे.

ओळखीचा पुरावा

अनुसूचित जमातींच्या महाराष्ट्राच्या यादीत काथोडी-कातकरी २१ व्या, तर ठाकूर-ठाकर ४४ व्या क्रमांकावर आहेत. ठाकूर जमातीची मान्यता पूर्वी विशिष्ट तालुक्यांपुरती मर्यादित होती. १९५६ च्या आदेशात कुलाबा जिल्ह्यातील कर्जत, खालापूर आदी तालुके आणि माथेरान यांचा त्यात समावेश होता. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ही क्षेत्रीय मर्यादा उठवली गेली. त्यानंतर राज्याच्या अन्य भागांतील ठाकूर नावाच्या अनेक कुटुंबांनीही जमातीचे दावे केले. 'ठाकूर' हे नाव अन्य समाजांतही वापरात असल्याने खरा आदिवासी कोण, हा वाद निर्माण झाला.

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये कुमारी माधुरी पाटील प्रकरणात जात पडताळणीसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यानुसार पडताळणी समिती आणि दक्षता पथक अस्तित्वात आले. अर्जदाराची दैवते, विधी, विवाहपद्धती, अंत्यसंस्कार इत्यादींची माहिती घेऊन ती जमातीशी जुळते का, हे पाहिले जाऊ लागले. यालाच 'आप्तभाव चाचणी' म्हणतात. महाराष्ट्राने याविषयी २००० चा कायदा केला व पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली.

या चाचणीची अडचण उघड आहे. शहरात दोन-तीन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाला जुने विधी सांगता येत नाहीत. उलट ग्रंथ वाचून तयारी केलेल्याला ते अचूक सांगता येऊ शकतात. २०११ मध्ये आनंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी एकमेव निकष ठरू शकत नाही, असे म्हटले. पुढे २४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नसल्याचे स्पष्ट केले. राज्यघटनेपूर्वीच्या कागदपत्रांना अधिक पुरावामूल्य आहे आणि प्रत्येक प्रकरण दक्षता पथकाकडे पाठवणे आवश्यक नाही, असेही या निकालात आहे.

निकालामुळे जुनी कागदपत्रे असणाऱ्यांचा मार्ग सुकर झाला. परंतु ज्यांच्याकडे कागदच नाहीत, त्यांचे काय? अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्या कातकरी कुटुंबातील आजोबा शाळेत गेले नाहीत, ज्यांच्या नावे जमीन नाही आणि ज्यांचा जन्म भट्टीवरच्या झोपडीत झाला, त्यांच्याकडे शाळेचा दाखला नाही, सातबारा नाही आणि जन्मनोंदही नाही. कातकरी हा आदिवासी आहे, याविषयी कोणाच्याही मनात शंका नसते. तरीही दाखल्यासाठी सर्वाधिक फेऱ्या त्यालाच माराव्या लागतात. या ठिकाणी तहसील कार्यालयाने वाडीवर जाऊन, स्थानिक चौकशी करून दाखले देण्याची शिबिरे हाच व्यवहार्य उपाय ठरतो.

अमेरिकेतील नवाहोंचे उदाहरण

जगातील अन्य आदिवासी समाजांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील नवाहो लोक स्वतःला 'दिने' म्हणवतात. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांना मायभूमीतून शेकडो मैल पायी चालवत न्यू मेक्सिकोतील बॉस्क रेडोंडो येथील छावणीत नेले. १ जून १८६८ रोजी झालेल्या तहानंतर त्यांना आपल्या भूमीत परतता आले. चार पवित्र पर्वतांनी सीमित झालेली भूमी हा त्यांच्या धर्माचा गाभा आहे. आज ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या राज्यांत सुमारे ७१ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रावर त्यांचे स्वशासन आहे. १९२३ पासून त्यांची प्रतिनिधी परिषद आहे आणि १९६८ मध्ये त्यांनी स्वतःचे महाविद्यालय स्थापन केले. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या भाषेतील सांकेतिक संदेश जपानी सैन्याला उलगडता आले नाहीत.

नवाहो जमातीचे सदस्य कोण, याची नोंदवही जमातीचे शासन ठेवते. त्यासाठी किमान एक चतुर्थांश नवाहो रक्त असण्याचा नियम आहे. रक्ताच्या मोजमापावर तेथेही टीका होते आणि तरुण पिढीत भाषा मागे पडत असल्याची चिंता तेथेही आहे. तथापि भूमी, शासन आणि नोंदवही या तीन गोष्टी जमातीच्या हाती आहेत. कर्जत-खालापूरच्या आदिवासींच्या बाबतीत या तिन्ही गोष्टींचा निर्णय इतरत्र होतो.

घराखालची जमीन

कातकऱ्यांच्या पुष्कळ वाड्या खासगी मालकीच्या जमिनीवर आहेत. जमीनदारांना शेतीसाठी हक्काचे मजूर हवे असत. म्हणून त्यांनी कातकऱ्यांना आपल्या जमिनीच्या कडेला घरे बांधू दिली. तोंडी परवानगीवर वसलेल्या या वाड्या दोन-तीन पिढ्या टिकल्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, औद्योगिक वसाहती, गृहप्रकल्प आणि फार्महाऊस यांमुळे जमिनीचे भाव वाढले, तेव्हा चित्र बदलले. जमिनीची विक्री झाली, की नव्या मालकाला वाडी नकोशी होते. कुंपण घालणे, पाण्याची वाट अडवणे, घराच्या दुरुस्तीस मनाई करणे असे प्रकार सुरू होतात. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी या भागातील वाड्यांसोबत काम करून लिहिलेल्या 'फायटिंग इव्हिक्शन' या २०१३ च्या ग्रंथात हा प्रश्न तपशीलवार मांडला आहे.

कायदा पूर्णपणे मालकाच्या बाजूने आहे, असे नाही. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यात शेतमजुरांच्या राहत्या घरांना संरक्षण आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार जिल्हाधिकाऱ्यांना गावठाणाची हद्द ठरवता येते. वाडीला गावठाण म्हणून मान्यता मिळाली, तर घराखालची जागा नावावर होऊन घरकुल, नळपाणी आणि रस्ता यांचा मार्ग मोकळा होतो. वनजमिनीवरील वाड्यांसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या जमिनीवर त्यानुसार हक्क मागता येतो. आदिम जमातींच्या अधिवासाच्या हक्काचीही स्वतंत्र तरतूद त्यात आहे. ज्या आदिवासींची जमीन स्वतःच्या नावावर आहे, ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना बिगर आदिवासीकडे हस्तांतरित होऊ शकत नाही. हे सर्व असूनही, घराखालची जागा नावावर नसेल तर घरकुल मंजूर होण्यात अडचण येते, ही वस्तुस्थिती आहे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन योजनेत देशातील ७५ विशेष असुरक्षित गटांसाठी घरे, पाणी, रस्ते यांची तरतूद झाली. कातकऱ्यांपर्यंत ती पोहोचण्यासाठीही आधी जागेचा प्रश्न सुटावा लागतो.

इर्शाळवाडीनंतर

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्याने बचाव पथकांना भर पावसात डोंगर चढून जावे लागले. यंत्रसामग्री वर नेता आली नाही. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबवले, तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे शासनाने सांगितले. बचावलेल्या कुटुंबांना प्रथम कंटेनरमध्ये तात्पुरता निवारा देण्यात आला व चौकजवळ पक्की घरे बांधण्याचे काम सिडकोकडे सोपवण्यात आले.

या दुर्घटनेनंतर डोंगरावरील वाड्यांचे खाली स्थलांतर करावे, अशी मागणी पुढे आली. जिवाची सुरक्षितता हा पहिला निकष आहे, याविषयी दुमत असू शकत नाही. मात्र ठाकराचे शेत, गुरांचे रान, पाण्याचा झरा आणि देवाचे ठिकाण डोंगरावरच असते. घर खाली आणि जगणे वर अशी विभागणी झाली, तर काही वर्षांत कुटुंब एक तर पुन्हा वर जाते किंवा शेती सोडून मजुरीला लागते. म्हणून पुनर्वसनात घराबरोबर कसण्याच्या जमिनीचा, वनहक्काच्या दाव्यांचा आणि जंगलात ये-जा करण्याच्या वाटेचाही विचार होणे अगत्याचे आहे.

ठाकर आणि कातकरी यांच्या बोलींचा कोश तयार करणे, पहिल्या इयत्तांसाठी त्या बोलींतून वाचनसाहित्य देणे, जाणत्या स्त्री-पुरुषांकडून वनस्पतींची माहिती नोंदवून घेणे ही कामे विद्यापीठे आणि संस्था करू शकतात व काही ठिकाणी ती सुरूही झाली आहेत. परंतु बोली वाडीत बोलली जाते, देव वाडीच्या शिवेवर असतो आणि दाखल्यावरचा पत्ताही वाडीचाच असतो. वाडी जेथे आहे ती जमीन तिच्या नावावर करण्याचे काम महसूल आणि वन विभागांच्या अखत्यारीत येते आणि कर्जत-खालापूरच्या अनेक वाड्यांवर ते अद्याप बाकी आहे.